फिर्याद, तक्रार आणि एक इसम

शाळेत रोज सकाळी पहिले काम हजेरीचे. मी नाव पुकारतो आणि बाकावरून आवाज येतो, ‘हाजिर जनाब’. एखाद्या नावापुढे आवाज आला नाही की वर्गातली बाकीची मुले आपसूक त्या रिकाम्या जागेकडे पाहतात. मग कुणीतरी सांगते, ‘सर, उसको बुखार है’ किंवा ‘सर, वो शादी को गया’. जोवर कोणी असे काही सांगत नाही, तोवर माझे पेन त्या चौकटीवर अडखळते. गैरहजर लिहिणे सोपे आहे. पण का गैरहजर, हे विचारल्याशिवाय पुढच्या नावाकडे जाऊ नये, असे मला बी.एड.च्या वर्गात शिकवले नव्हते. ते मी दुधनीतच शिकलो.

आमचे दुधनी अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेला टेकलेले. सोलापूरहून कलबुर्गीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे स्टेशन. घरात दखनी, बाजारात कन्नड आणि कचेरीत मराठी, असा आमचा तीन जबानींचा संसार. गावाबाहेर थोडे चालत गेले की राज्य बदलते आणि राज्य बदलले की पोलिसांची हद्दही बदलते. माणसाला हद्द कळत नाही. तो कामासाठी जातो, गाडीत बसतो, गाडीतून उतरतो. कधी कधी उतरतच नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका खालांचा मुलगा असाच उतरला नाही. दूरच्या शहरात बांधकामावर होता. ईदला येतो म्हणून गाडीत बसला. बसल्याचा फोन आला, पुढे फोन बंद. ईदची नमाज झाली, शीरखुर्मा आटला, मुलगा आला नाही. खालांना मराठी लिहिता येत नाही. त्या मला म्हणाल्या, ‘बेटा, तू मास्टर है, अर्जी लिक दे.’ मी अर्ज लिहिला आणि त्यांना घेऊन निघालो.

एका ठिकाणी विचारले, ‘चोवीस तास झाले का?’ आम्ही म्हणालो, तीन दिवस झाले. ‘मग आधी का आला नाहीत?’ दुसरा प्रश्न, ‘गाडीत कुठे बसला?’ आम्ही शहराचे नाव सांगितले. ‘मग तिकडे जा, ही आमची हद्द नाही.’ दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, ‘गाडीतच हरवला हे कशावरून? मध्येच उतरला असेल.’ तिसऱ्या ठिकाणी अर्ज घेतला, पण पोच दिली नाही. मुलाचे नाव वाचून साहेबांनी एकदा वर पाहिले आणि हळूच विचारले, ‘कुठल्या संघटनेत वगैरे होता का?’ खालांना तो प्रश्न समजला नाही. मला समजला. परतताना वाटेत मी त्याचा अर्थ त्यांना सांगितला नाही.

अकराव्या दिवशी मुलगा सापडला, पण पोलिसांना नाही. त्याचा मामा मोबाइलमधला फोटो दाखवत लोहमार्गावरची सरकारी इस्पितळे पालथी घालत होता. शेजारच्या राज्यातल्या एका इस्पितळात मुलगा डोक्याला मार लागून पडलेला आढळला. तिथल्या रजिस्टरात नोंद होती, ‘अनोळखी इसम, वय अंदाजे पंचवीस.’ म्हणजे एका दप्तरात तो हरवलेला होता आणि दुसऱ्या दप्तरात सापडलेला होता. दोन दप्तरांची गाठ कोणी घालून दिली नव्हती, एवढेच. आज तो मुलगा बरा आहे, लग्न झाले आहे. सगळ्यांचे शेवट असे गोड होत नाहीत. म्हणूनच हा लेख.

त्या नोंदीतला ‘इसम’ हा शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. मी उर्दू शिकवतो. इस्म म्हणजे नाव, हे चौथीतले मूलही सांगते. व्याकरणात नामाला आम्ही इस्मच म्हणतो. पोलिसी मराठीत मात्र ज्याचे नाव ठाऊक नाही त्यालाच ‘इसम’ म्हणतात! मग मी पोलीस ठाण्यातले बाकीचे शब्द तपासू लागलो. हद्द, गुन्हा, फरार, कैफियत, मयत, पंचनाम्यातला नामा, फिर्याद, तक्रार. निम्मे ठाणे अरबी-फारसी बोलते. राज्ये गेली, सत्ता बदलल्या, शब्द दप्तरात राहिले. पण राहताना त्यांचे अर्थ झिजले. फारसीत फर्याद म्हणजे हंबरडा, मदतीसाठी मारलेली हाक. आता फिर्याद म्हणजे ठराविक नमुन्यातला कागद. अरबीत तकरार म्हणजे पुन्हा पुन्हा करणे, तेच परत म्हणणे. आपण तक्रार एकदा ‘दाखल’ करतो आणि घरी येऊन बसतो. शब्द मात्र सांगतो आहे की, बाबा रे, ही एकदा करायची गोष्टच नाही.

आणि सर्वांत जोखमीची जोडी म्हणजे ‘बेपत्ता’ आणि ‘फरार’. दोघांचाही ठावठिकाणा नसतो. पण बेपत्ता माणसाला शोधणे ही पोलिसांची जबाबदारी असते, तर फरार माणूस स्वतःच गुन्हेगार ठरतो. एक शब्द बदलला की प्रश्न विचारणारी आई आरोपीची आई होते. महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासात हा एक शब्द बदलून घेण्यासाठी परभणीच्या एका आईचे आयुष्य खर्ची पडले. तिची हकिकत सांगण्याआधी थोडे मागे जायला हवे, कारण तिच्या मुलाचे जे झाले त्याची मुळे जुनी आहेत.

कंपनी सरकारच्या काळात, १८५५ साली मद्रास इलाख्यात एका चौकशी आयोगाने अहवाल दिला. सारावसुलीसाठी आणि गुन्हा कबूल करवून घेण्यासाठी सरकारी नोकर आणि पोलीस रयतेचा छळ करतात, हे त्या अहवालाने मान्य केले. परकीय सरकारनेच आपल्या नोकरांविरुद्ध हे लिहून ठेवले, ही लहान गोष्ट नव्हती. पुढे १८६१ साली पोलीस कायदा आला आणि १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ आले: पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. ही तरतूद दयेपोटी आलेली नव्हती, ती अनुभवातून आली होती. जबाबाला किंमत दिली तर तो मारून घेतला जाईल, हे इंग्रजांनाही उमगले होते. आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कलम २३ मध्ये कायम आहे.

स्वतंत्र भारतात मात्र या भिंतीला खिडक्या पाडल्या गेल्या. १९८७ च्या ‘टाडा’ने आणि २००२ च्या ‘पोटा’ने पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरला. कायदा करणाऱ्यांचा हेतू दहशतवाद रोखण्याचा असेल. पण जबाबाला पुन्हा भाव आला आणि १८५५ साली जे लिहून ठेवले होते ते विसरले गेले.

२ डिसेंबर २००२ रोजी मुंबईत घाटकोपर स्टेशनजवळ बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला. दोन निरपराध माणसे मेली, कित्येक जखमी झाली. ज्यांनी हे केले त्यांना शोधणे हे पोलिसांचे कर्तव्यच होते आणि त्याबद्दल कोणाही मुसलमानाच्या मनात शंका असू नये. तपासात काही तरुण ‘पोटा’खाली पकडले गेले. त्यांत परभणीचा सत्तावीस वर्षांचा ख्वाजा युनूस होता. शिकलेला, दुबईत नोकरी करणारा अभियंता. २५ डिसेंबर २००२ रोजी त्याला ताब्यात घेतले गेले.

पुढे पोलिसांनी सांगितलेली गोष्ट अशी. ६ जानेवारी २००३ च्या रात्री तपासासाठी त्याला औरंगाबादकडे (आताचे छत्रपती संभाजीनगर) नेले जात होते. अहमदनगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) पारनेरच्या परिसरात जीपला अपघात झाला आणि त्या संधीचा फायदा घेऊन युनूस पळाला. तशी फिर्याद पारनेर पोलिसांत नोंदवली गेली. कागदोपत्री ख्वाजा युनूस फरार झाला.

त्याच प्रकरणात अटकेत असलेल्या डॉ. अब्दुल मतीन यांनी न्यायालयात वेगळेच सांगितले. ६ जानेवारीला आपण युनूसला मारहाण होताना आणि रक्त ओकताना पाहिले, असे त्यांचे म्हणणे होते. घरच्यांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. आई आसिया बेगम यांचे मागणे साधे होते. पळाला असेल तर शोधून दाखवा, मेला असेल तर तसे सांगा. न्यायालयाच्या आदेशाने तपास राज्य सीआयडीकडे गेला. सीआयडीचा निष्कर्ष असा निघाला की युनूस पळालेला नाही, तो कोठडीतच मरण पावला आणि पळाल्याची गोष्ट रचलेली आहे. चौदा पोलिसांवर ठपका आला. सरकारने खटल्याची परवानगी मात्र चौघांपुरतीच दिली. त्यांत सचिन वाझे होते. २००४ मध्ये चौघेही निलंबित झाले.

इथे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सीआयडी म्हणजेही पोलीसच. एका पोलीस पथकाची गोष्ट खोटी असल्याचे दुसऱ्या पोलीस पथकाने लिहून दिले. म्हणून ‘पोलीस सगळे सारखेच’ हे वाक्य मला मान्य नाही. ते वाक्य प्रामाणिक अधिकाऱ्यावर अन्याय करते आणि अप्रामाणिकाला गर्दीत लपायला जागा देते. पण हेही खरे की तो दुसरा तपास आपणहून झाला नाही. परभणीहून मुंबईला खेपा घालणाऱ्या कुटुंबाने तो न्यायालयाकडून मागून घेतला.

२००४ मध्ये ‘पोटा’ रद्द झाला. २००५ मध्ये विशेष न्यायालयाने घाटकोपर प्रकरणात खटला चाललेल्या आरोपींची निर्दोष सुटका केली. म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी युनूसला नेले, तो गुन्हा त्याच्या साथीदार म्हटलेल्यांवरही सिद्ध झाला नाही. तो जिवंत असता तर त्यांच्याबरोबर तोही घरी आला असता, असा विचार कुठलीही आई करील. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने आसिया बेगम यांना एकूण वीस लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. भरपाई देताना सरकार अप्रत्यक्षपणे कबूल करते की माणूस गेला. पण मृतदेह कधीच मिळाला नाही. फातिहा पढायला कबर नाही.

खटल्याची चाल पाहा. प्रत्यक्षदर्शी डॉ. मतीन यांची साक्ष २०१८ मध्ये झाली, म्हणजे घटनेनंतर पंधरा वर्षांनी. त्यांनी आणखी चार अधिकाऱ्यांची नावे घेतली. विशेष सरकारी वकिलांनी त्या चौघांनाही आरोपी करा, असा अर्ज दिला आणि त्यानंतर लवकरच सरकारने त्या वकिलांची नेमणूक रद्द केली. खटला वर्षानुवर्षे अडून राहिला. जून २०२० मध्ये चारही निलंबित पोलीस पुन्हा सेवेत घेतले गेले. आसिया बेगम यांनी अवमान याचिका केली. त्याच वाझेंना मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने दुसऱ्या एका प्रकरणात अटक केली आणि मे महिन्यात ते बडतर्फ झाले. त्या दुसऱ्या प्रकरणातही ठाण्याचे व्यापारी मनसुख हिरेन ४ मार्चला घरातून गेले ते परतले नाहीत, दुसऱ्या दिवशी मुंब्र्याच्या खाडीत त्यांचा मृतदेह सापडला. सुरुवातीला अपमृत्यू म्हणून नोंदलेल्या या घटनेबद्दल त्यांच्या पत्नीने जाहीरपणे संशय घेतला, तेव्हा तपासाची दिशा बदलली. कोण दोषी हे न्यायालय ठरवील, तो माझा अधिकार नाही. मी एवढेच पाहतो की दोन्ही ठिकाणी पहिल्या कागदावर विश्वास न ठेवणारी एक बाई उभी होती.

आपल्यातले काही जण हे ऐकून म्हणतात, ‘आपल्याच नशिबी हे.’ नाव वाचून वर पाहणारी नजर मीही पाहिली आहे, ती नाकारणार नाही. पण इतिहास शिकवणाऱ्याने अर्धा इतिहास सांगू नये. ओरिसातल्या (आताच्या ओडिशातल्या) नीलाबती बेहेरा या आईचा मुलगा सुमन, वय बावीस. १ डिसेंबर १९८७ रोजी पोलिसांनी चोरीच्या तपासात त्याला चौकीत नेले. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत रेल्वे रुळाजवळ मिळाले. पोलीस म्हणाले, रात्री कोठडीतून पळाला आणि गाडीखाली आला. नीलाबतींनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. १९९३ मध्ये पळाल्याची गोष्ट न्यायालयाने फेटाळली आणि दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली. कोठडीतल्या मृत्यूला राज्य जबाबदार आहे आणि त्याची भरपाई मूलभूत हक्क म्हणून मागता येते, हा पायंडा एका गरीब आईच्या पत्राने पडला. २०१२ साली परभणीच्या आईला जो आदेश मिळाला त्याचा पाया ओरिसाच्या आईने घातला होता. दोघींची कधी भेट झाली नसेल, पण कायद्याच्या पुस्तकात त्या शेजारी शेजारी आहेत.

आणीबाणीत केरळमधल्या राजन या विद्यार्थ्याचे तसेच झाले. कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १ मार्च १९७६ रोजी पोलीस त्याला घेऊन गेले. वडील ईच्चर वारियर हिंदीचे प्राध्यापक, म्हणजे माझ्याच व्यवसायातले. त्यांनी अर्ज केले, मंत्र्यांचे उंबरे झिजवले. आणीबाणी उठताच मार्च १९७७ मध्ये त्यांनी केरळ उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका केली. सरकार म्हणाले, राजनला आम्ही पकडलेच नव्हते. न्यायालयाने ते मानले नाही. के. करुणाकरन यांना मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतल्यावर महिनाभरात राजीनामा द्यावा लागला. राजनचा देह मात्र त्याच्या बापाला अखेरपर्यंत मिळाला नाही.

बंदी प्रत्यक्षीकरण हा मराठी शब्द जड आहे. मी मुलांना सोपे करून सांगतो: ही न्यायालयाची हजेरी आहे. न्यायाधीश नाव पुकारतात आणि ज्याने माणूस नेला त्याने त्याला उभा करून ‘हाजिर’ म्हणायचे असते.

आता कोणी म्हणेल, ही सगळी गरिबांची, अल्पसंख्याकांची, चळवळ्यांची प्रकरणे. मग नवी मुंबईतल्या सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे यांचे काय? त्या स्वतः पोलीस अधिकारी. मूळच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या. एप्रिल २०१६ मध्ये त्या बेपत्ता झाल्या. नातेवाइकांनी तक्रार दिली, पण अपहरणाचा गुन्हा नोंदवायला २०१७ उजाडले. ज्याच्यावर घरच्यांचा संशय होता तो पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर नोकरीत होता आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याला राष्ट्रपती पदक जाहीर झाले! अश्विनी यांचे पती आणि भाऊ वर्तमानपत्रांतून, आयुक्तालयात, उच्च न्यायालयात तेच तेच सांगत राहिले. कुरुंदकरला अटक व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. मृतदेह तोवर नाहीसा झाला होता. एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने त्याला खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप दिली. नऊ वर्षे. वर्दी घातलेल्या बाईच्या घरच्यांनाही इतके चालावे लागले, तर खालांनी किती चालावे?

या साऱ्या प्रकरणांत ठाण्याचे उत्तर तीनच तऱ्हांचे आहे. ‘आम्ही नेलाच नाही’, हे राजनच्या बापाला. ‘नेला, पण पळाला’, हे नीलाबती आणि आसिया बेगम यांना. आणि ‘मोठी माणसे आहेत, कुठे गेली असतील, येतील’, हे बाकी सगळ्यांना. तिन्ही उत्तरांमध्ये एक समान गोष्ट आहे. ती दिली की शोध घ्यायची गरज उरत नाही. शोधणारा आणि शेवटचा ताबेदार किंवा संशयित एकाच खात्यातला असला, तर हे उत्तर आणखी सोयीचे होते. म्हणून पोलिसांच्या तपासावर जाहीर टीका करणे म्हणजे पोलिसांशी वैर नव्हे. जिथे तपास थांबतो तिथे तोच एक धक्का असतो. वरच्या एकाही प्रकरणात त्या धक्क्यावाचून गाडी हललेली नाही.

हरवलेल्या माणसाचे दुःख मेलेल्या माणसाच्या दुःखाहून वेगळे असते, हे आपल्या फिकहने फार पूर्वी ओळखले होते. ज्याचा ठावठिकाणा नाही त्याला ‘मफ्कूद’ म्हणतात. त्याची बायको विधवाही नाही आणि सुहागनही नाही. इद्दत कधी मोजायची, वारसा कोणाला, याची उत्तरे अडकून पडतात. हनफी मताने तिला नवऱ्याच्या वयाची माणसे मरेपर्यंत वाट पाहावी लागे. हिंदुस्थानातल्या बायकांची ही कोंडी पाहून मौलाना अशरफ अली थानवी यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी मालिकी मताचा आधार घेऊन चार वर्षांची वाट मोकळी केली. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यातही तेच आले: नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल तर पत्नीला विवाह रद्द करून मागता येतो. देशाच्या पुरावा कायद्याने सात वर्षे काही खबर नसलेल्याला मृत मानण्याची वाट ठेवली आहे. म्हणजे आलीम आणि कायदेपंडित दोघांनीही मान्य केले की माणसाला अनंतकाळ अधांतरी ठेवता येत नाही. मग तपास करणाऱ्या खात्यालाच ते का मान्य होऊ नये?

कायदे आता पुष्कळ झाले आहेत, ते आपल्याला ठाऊक नसतात एवढेच. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात घालून दिले की, अटकेचा कागद व्हावा, त्यावर साक्षीदाराची सही असावी, नातेवाइकाला कळवावे आणि कोठडीतल्या माणसाची दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमा, असे सांगितले. मे २०१३ मध्ये बेपत्ता मुलांबद्दल ठरले की अठरा वर्षांखालचे मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण समजूनच गुन्हा नोंदवावा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ललिता कुमारी खटल्यात निकाल आला की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने तर लिहूनच ठेवले आहे की अशा गुन्ह्याची माहिती कुठल्याही हद्दीतली असली तरी ती घेतली पाहिजे. आणि चोवीस तास थांबा असे सांगणारा कायदा तर कुठेच नाही. ती केवळ ठाण्याच्या बाकावर जन्मलेली दंतकथा आहे.

तरी एक फट उरते. प्रौढ माणूस हरवणे हा स्वतःहून गुन्हा धरला जात नाही. त्याची फक्त मिसिंगच्या वहीत नोंद होते आणि नोंद झाली की काम झाले असे वाटते. त्या फटीतच खालांचा मुलगा अकरा दिवस पडून होता.

म्हणून त्या प्रसंगानंतर मी एक सवय लावून घेतली. गल्लीत कोणाचेही काम असो, अर्जाच्या दोन प्रती करतो. एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय उठत नाही. पोच दिली नाही तर तोच अर्ज पोस्टाने अधीक्षकांकडे पाठवतो. फोटो, कपड्यांचा रंग, अंगावरची खूण, शेवटचा फोन किती वाजता, हे सगळे लिहितो. अर्ज मराठीत लिहितो, कारण ठाण्याचे दप्तर मराठीत चालते. आपल्या मुलांनी उर्दूबरोबर चांगली मराठी का शिकावी, हे मला पालकसभेत पटवून द्यावे लागते. आता मी त्यांना खालांच्या अर्जाची गोष्ट सांगतो.

आपल्या घरांत संकट आले की वडीलधारी म्हणतात, सब्र करो. सब्र ही मोठी गोष्ट आहे. पण सब्र म्हणजे तोंड मिटून बसणे, असा अर्थ आपण कधीपासून लावला? माझ्या दृष्टीने सब्र म्हणजे टिकून राहणे. आसिया बेगम वर्षानुवर्षे टिकून राहिल्या. त्यांना पूर्ण इन्साफ मिळाला असे कोणी म्हणू शकणार नाही. पण त्यांच्या मुलाच्या नावापुढे लिहिलेला ‘फरार’ हा शब्द त्यांनी टिकू दिला नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशात, सीआयडीच्या कागदात, भरपाईच्या हुकमात तो शब्द खोडला गेला आहे. उद्या कोणी या काळाचा इतिहास लिहील तेव्हा त्याला पोलिसांच्या फिर्यादीबरोबर आईची तकरारही सापडेल. आई थकली असती तर एकच कागद उरला असता आणि तो कागदच इतिहास झाला असता.

परवा खाला शाळेत आल्या होत्या. नातवाचे नाव पहिलीत घालायचे होते. मी प्रवेशाचा अर्ज भरला. त्या म्हणाल्या, ‘नाम पूरा लिक बेटा. बाप का भी, दादा का भी.’ मी पूर्ण नाव लिहिले आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी मान हलवली आणि मग विचारले, ‘इसकी पोच देते क्या?’

मी शिक्का मारून पोच दिली. त्यांनी ती घडी करून पदराच्या गाठीत बांधली.